मदत हवी: नोकरी सोडून हॉटेलच्या किचनमध्ये जावं का? (शुक्रवारपर्यंत कळवायचंय)

तिखटमीठ
नमस्कार. इतके दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या. एका ठिकाणाहून बोलावणं आलंय, पगार १७ हजार. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते सांगायचंय. स्वयंपाक उत्तम येतो, त्याबद्दल शंका नाही. आत्ताच्या नोकरीचा वीट आलाय. जावं का? ज्यांनी असं काही केलंय त्यांनीच लिहा. 'मनाचं ऐका' छापाचे प्रतिसाद नकोत.

बंडोपंत
कुठलं गाव? कोणतं पद? वय काय? आत्ता किती मिळतात? घरात खाणारी तोंडं किती? १७ हजारांत भागेल की नाही हे आम्ही हवेत कसं सांगायचं?

वाटली_डाळ
+१. आणि 'स्वयंपाक येतो' म्हणजे चौघांचा की चारशेंचा?

तिखटमीठ
पुणे. हॉटेलचं किचन. सोसायटीच्या गणपतीत दीडशे पानांचा स्वयंपाक मी करतो, लोक नावाजतात. बाकीच्या गोष्टींचा इथे काय संबंध?

भट्टीवरचा
बाकीच्याच गोष्टींचा संबंध आहे साहेब. अर्धं आयुष्य हॉटेलांच्या किचनमध्ये गेलंय म्हणून सांगतो. १७ हजार म्हणजे तुम्हाला कॉमी थ्री, म्हणजे किचनमधला सगळ्यात खालचा मदतनीस, म्हणून घेतायत. शिडी अशी: कॉमी थ्री, टू, वन, मग डेमी, मग सीडीपी (एका विभागाचा प्रमुख), मग सू-शेफ (मुख्य शेफच्या हाताखालचा). तुमचा सीडीपी पंचविशीतला पोरगा असणार आणि तो तुम्हाला अरे-तुरे करणार. सकाळी पोत्याने कांदे. दुपारी तीनला सुटका, साडेसहाला परत हजर, घरी पोचायला बारा. याला ब्रेक शिफ्ट म्हणतात. मधल्या वेळात घरी जाऊन येणं पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये होत नाही, लॉकर रूममध्येच पाठ टेकायची. सणावाराला सुट्टी नसते, त्यामुळे तो सोसायटीचा गणपतीही विसरा. दीडशे पानं वर्षातून एकदा करणं वेगळं. तोच पनीर टिक्का रोज, एकाच चवीचा, साठ वेळा काढणं वेगळं.
शुक्रवारी 'हो' म्हणू नका, 'नाही'ही म्हणू नका. ट्रायल मागा. शनिवार-रविवार बँक्वेटला (लग्न-पार्ट्यांच्या जेवणाला) रोजावर कॅज्युअल म्हणून या म्हणावं. लगीनसराईत हात कमीच पडत असतात, घेतील.

पोळीभाजी_केंद्र
कशाला त्या पोराटोरांचं ऐकून घ्यायचं? घरून डबे सुरू करा. एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा खात्याची) लहान धंद्याची नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते. ओळखीतले दहा-बारा डबे घ्या, भाजीचा खर्च रोज वहीत लिहा. सामानाचा खर्च विक्रीच्या तिसऱ्या हिश्श्यावर गेला की समजायचं भाव चुकलाय. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं ते गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना घेऊनच. त्यातली एकही कॉमी थ्री नव्हती.

भट्टीवरचा
ताई, आदर आहे, पण त्यांनी नोकरीबद्दल विचारलंय, धंद्याबद्दल नाही. आणि तुमचे डबे घरच्या लाल सिलिंडरवर होत नाहीत ना?

पोळीभाजी_केंद्र
१९ किलोचा निळा, धंद्याचा आहे, पावतीसकट. येऊन बघा. जेवूनही जा.

यारा_नदीकाठी
इथे मेलबर्नला चाळिशी उलटलेले कितीतरी जण टेफमध्ये (इथल्या सरकारी व्यवसाय-शिक्षण संस्थेत) कमर्शियल कुकरीचं सर्टिफिकेट थ्री करतात. कुणी वय विचारत नाही. आपल्याकडेच हा बाऊ.

वाटली_डाळ
तिथे तासावर पैसे मिळतात हो. इथे १७ हजार महिन्याचे.

शिकत_राहा
आधी कोर्स! आयटीआयला फूड प्रॉडक्शनचा एक वर्षाचा ट्रेड आहे, वयाला वरची मर्यादा नाही. दादरच्या आयएचएमला (हॉटेल मॅनेजमेंट संस्थेत) दीड वर्षाचा क्राफ्ट कोर्स असतो. कागद हातात असला की कॉमी थ्रीवर अडकत नाही माणूस.

भट्टीवरचा
कागद घेऊन आलेल्यांनाही कांदेच सोलायला लावतो आम्ही.

सौ_सुमन
गोडा मसाला करताना दगडफूल कोरडं भाजू नका, चमचाभर तेलावर परतावं. कोरडं भाजलं की कडवट लागतं. खोबरं शेवटी.

तिखटमीठ
सुमनताई, धन्यवाद, पण मसाल्याचा प्रश्न नव्हता.
बरं, सगळं सांगतो. वय ४६. आयटीत टेस्टिंगला आहे. घराचे हप्ते अजून आहेत, मुलगी बारावीला. बायको कमावते, हप्ता तिच्या पगारातून जाऊ शकतो. खरी अडचण वडिलांची. बायपास झालीय आणि मेडिक्लेम माझ्या ऑफिसचा आहे.

बंडोपंत
अहो, हे पहिल्या ओळीत हवं होतं! हा स्वयंपाकाचा प्रश्नच नाही, विम्याचा आहे. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, पण अर्ज नोकरी सुटण्याआधी करावा लागतो आणि बायपास बघून प्रीमियम चांगलाच वाढवतील. नोटीस पिरियड लागायच्या आत एचआरला विचारा.
दुसरं, १७ हजार पगार म्हणजे तुम्ही ईएसआयमध्ये (सरकारी कामगार विम्यात) बसता, मर्यादा २१ हजारांची आहे. तुमच्या पगारातून पाऊण टक्का कापतात. त्यात अवलंबून असलेले आई-वडीलही येतात. वडिलांना पेन्शन आहे का?

तिखटमीठ
आहे.

बंडोपंत
किती???

तिखटमीठ
तीस हजारांच्या आसपास.

बंडोपंत
मग ते अवलंबून धरले जाणार नाहीत, ईएसआय विसरा. वैयक्तिक पॉलिसीचा आकडा आल्याशिवाय राजीनामा टाइपही करू नका.

भातशेती
फूड टेक्नॉलॉजीवाला आहे म्हणून थोडं अवांतर. गणपतीत दीडशे पानांचा भात किती वेळ भांड्यात असतो? ५ ते ६० अंशांच्या मधे शिजलेला भात तासन् तास राहिला तर बॅसिलस सेरियस वाढतो, आणि त्याचं विष परत गरम केल्यानेही जात नाही. हॉटेलात भात पसरट ट्रेमध्ये काढून गार करतात. घरच्या हौशी आचाऱ्यांना हे कुणी शिकवत नाही.

पोळीभाजी_केंद्र
आमच्याकडे भात उरतच नाही.

भट्टीवरचा
@तिखटमीठ, ट्रायलला गेलात तर टायफॉइडची लस आणि मेडिकल फिटनेस मागतील, आधीच करून ठेवा. रात्री बारापर्यंत उभं राहायचं आहे. गुडघे कसे आहेत?

तिखटमीठ
उजवा थोडा कुरकुरतो. त्यांना फोन केला. शनिवारी बँक्वेटला या म्हणाले, रोज ७००. शुक्रवारची मुदतही महिनाभर पुढे ढकलली, मागितल्यावर लगेच. एचआरला मेल टाकलाय. बूट कुठले घ्यावेत?

वाटली_डाळ
बोहरी आळीत सेफ्टी शूज मिळतील. तेलावर न घसरणारा सोल बघून घ्या, एक नंबर मोठा.

यारा_नदीकाठी
नंबर मोठा कशाला? इथे तर

भट्टीवरचा
मोठाच घ्या. रात्री पाय सुजतात.

सौ_सुमन
नागकेशर मात्र तेलात परतू नका हं.