गालिच्यावरील मूत्राचा वास पुन्हा का येतो?

गालिच्यावरचा डाग गरम पाण्याने वा वाफेने धुवावा, असे काही जण सुचवतात; ही सूचना चिखलाच्या डागाला लागू पडेल. पाळीव प्राण्याच्या मूत्राच्या डागाला मात्र ती अपायकारक ठरते, कारण उष्णतेने त्यातील प्रथिने धाग्यांत घट्ट बसतात. शिवाय मूत्रातील युरिक आम्ल पाण्यात फारच कमी विरघळते; त्याचे स्फटिक गालिच्याच्या तळाशी राहतात आणि हवा दमट झाली की, वरून स्वच्छ दिसणाऱ्या गालिच्यालाही पुन्हा वास येऊ लागतो.

डाग ओला असतानाच जाड सुती कापड त्यावर दाबून धरावे. घासू नये, घासल्याने तो पसरतो. नंतर थंड पाणी शिंपडून पुन्हा टिपावे आणि एन्झाइमयुक्त (मूत्रातील घटकांचे विघटन करणारे) द्रावण, मूत्र जितके खोल मुरले असेल तितके खोल जाईल इतके सढळ वापरावे. ते वेष्टनावर दिलेल्या वेळेपर्यंत ओले राहिले पाहिजे. बहुतेक जण इथेच घाई करतात आणि दोष द्रावणाला देतात. लोकरीच्या गालिच्यावर ते चालते का, हे आधी कोपऱ्यात तपासावे.

अमोनियायुक्त द्रावण टाळावे, कारण त्याचा वास मूत्राशी मिळताजुळता असल्याने प्राणी पुन्हा त्याच जागी जाऊ शकतो. घरात मांजर असल्यास फिनॉलयुक्त जंतुनाशकेही वापरू नयेत; मांजराच्या यकृताला ती नीट पचवता येत नाहीत. गालिच्याला चिकटलेल्या प्राण्याच्या केसांसाठी म्हणाल, तर किंचित ओला रबरी हातमोजा एकाच दिशेने फिरवणे मला व्हॅक्यूम क्लीनरपेक्षाही परिणामकारक वाटते.