प्रेशर वॉशरने घर धुताना केमिकल नेमकं कसं मारायचं? (कोकण, चिरा + गिलावा)

पागोळ्या
नमस्कार मंडळी. राजापूरच्या पुढे आमचं घर आहे. पुढची भिंत गिलावा करून रंगवलेली, मागची आणि न्हाणीकडची उघडा चिरा (जांभ्याचा कापीव दगड), सिमेंटने दर्जा (दगडांमधल्या फटी) भरलेला. दरवर्षीचंच रडगाणं: पाऊस गेला की उत्तरेची भिंत हिरवीगार आणि गच्चीच्या कठड्याखाली काळे ओघळ. डिसेंबरात आईची पंचाहत्तरी आहे, पाहुणे उतरणार. यंदा घराला रंग द्यायला पैसे नाहीत, म्हणून प्रेशर वॉशर मागवला. १८०० वॉट, पेटीवर दाब १३० बार लिहिलाय, सोबत साबणाची बाटली आली.

परवा केलं ते असं. मे महिन्यात रत्नागिरीहून आणलेला हायपोचा (सोडियम हायपोक्लोराइट, लेबलवर १० टक्के) कॅन पत्र्याच्या शेडमध्ये पडून होता. त्यातलं एक माप आणि दहा मापं पाणी बाटलीत भरलं. वरून खाली फवारलं, तीनेक मिनिटं थांबलो, धुतलं. हिरवं थोडं गेलं. काळं जागचं हललं नाही. वैतागून नोझल भिंतीला भिडवलं तर दोन ठिकाणी रंगाचे पापुद्रे उडाले आणि चिऱ्यातला दर्ज्याचा एक तुकडा निखळून अंगणात. शिवाय जिथे जिथे ओघळ गेले तिथे भिंतीवर उभे पांढरे पट्टे उठलेत, झेब्र्यासारखे. हजार लिटरची टाकी रिकामी झाली ती वेगळीच.

केमिकल कमी पडलं की चुकीचं आहे? बाजारातले एक जण म्हणाले, सरळ अ‍ॅसिड मारा. कोणी केलं असेल तर सांगा.

गडगा
अ‍ॅसिड नको. नको म्हणजे नकोच. जांभ्यात लोह भरपूर, त्यावर अ‍ॅसिड गेलं की दगड खायला लागतं आणि तांबडे-पिवळे डाग पडतात, ते पुढे कशाने निघत नाहीत. दर्ज्यातलं सिमेंटही जातं. आणि परवा ज्या भिंतीवर हायपो मारलंय तिथे आज अ‍ॅसिड गेलं तर क्लोरीन वायू सुटेल. भिंत स्वच्छ होईल, बघायला तुम्ही नसाल.

तिखटमीठ
खराटा आणि शेजारचा बाबू. पन्नास वर्षं असंच चाललंय आमच्याकडे.

पागोळ्या
@तिखटमीठ बाबू आता पुण्यात डिलिव्हरी करतो :) खराटा आहे, पण दुसऱ्या मजल्यापर्यंत हात पोचवणारा माणूस नाही.

ओसरीवरचे काका
पागोळ्या, मी मूळचा गुहागरचा, गेली वीस वर्षं न्यू जर्सीत. इथली घरं व्हिनाइलच्या पट्ट्यांची, उत्तरेच्या बाजूला तीही अशीच हिरवी होतात. दर दोन वर्षांनी मीच धुतो, त्यामुळे चार गोष्टी माहीत आहेत.

तुमचं केमिकल चुकीचं नाही. तुम्ही ते दोनदा पातळ केलंत. बाटली मशीनला लावली की ती आपलं आपण पाण्यात मिसळते, कोणी १ ला १०, कोणी १ ला २०. तुम्ही आधीच अकरापट पातळ केलेलं मशीनने पुन्हा पातळ केलं. त्यात मेपासून पत्र्याखाली भाजलेलं हायपो. ऊन आणि उष्णता लागली की त्याची ताकद दर महिन्याला उतरत जाते. लेबल १० म्हणो, आत पाच उरलं असेल तरी नशीब.

एक सोपी चाचणी करा. बाटलीत नुसतं साधं पाणी भरा, मोजून. १० लिटरची बादली ठेवा, बाटली जोडूनच बादली भरा. मग बघा बाटलीतलं किती कमी झालं. तेच तुमच्या मशीनचं खरं प्रमाण. माहितीपुस्तिकेतलं धरू नका. नळाचा दाब, पाइपाची लांबी, जाळीत अडकलेला कचरा, सगळ्याने ते बदलतं.

आणि जोराने काम होत नाही. शेवाळ केमिकलने मरतं, पाण्याने फक्त वाहून जातं. इथे धंद्यातली माणसंसुद्धा केमिकल अगदी कमी दाबाने, रुंद काळ्या नोझलने मारतात. इथे पंपाच्या पुढे इंजेक्टर (केमिकल ओढून पाण्यात मिसळणारा भाग) बसवतात म्हणजे केमिकल पंपातून जातच नाही, पंपाची सिलं वाचतात. गंमत अशी की बारीक नोझल लावलं तर तो इंजेक्टर केमिकल ओढतच नाही. नवखा माणूस जोर वाढवतो आणि नुसतं पाणी मारत बसतो.

पागोळ्या
काका, चाचणी केली. बादली भरेपर्यंत बाटलीतलं ७०० मिली गेलं.

ओसरीवरचे काका
म्हणजे साधारण १ ला १४. आता हिशोब करा. कॅनमध्ये ५ टक्के धरू. अकरापट पातळ केल्यावर ०.४५ टक्के. त्याचा चौदावा हिस्सा ०.०३ टक्के. एवढ्यात शेवाळाची अंघोळ होते हो, दुसरं काही नाही.

रंगवलेल्या भिंतीला भिंतीवर पोचताना अर्धा ते एक टक्का हवं. काळ्या ओघळांना, उघड्या चिऱ्यावर, दोन टक्क्यांपर्यंत. तुमच्या बाटलीत ताजं १० टक्के निव्वळ भरलंत तर भिंतीवर ०.७ पोचेल, रंगाला पुरे. पण दोन टक्के त्या बाटलीने कधीच जमणार नाही. गणितच बसत नाही.

रंगाची पुडी
मालवणात रंगकामाची कंत्राटं घेतो, रंगाआधी भिंत धुणं हे रोजचं. काकांचं गणित बरोबर, पण मी म्हणतो ती बाटली माळ्यावर ठेवून द्या. आंब्याला फवारतात तो पाठीवरचा १६ लिटरचा पंप घ्या. (तणनाशक मारलेला पंप मात्र नको, कितीही धुतला तरी.) त्यात जे मोजून ओतलं तेच भिंतीवर जातं. एक लिटर ताजं १० टक्के आणि नऊ लिटर पाणी, झालं १ टक्का. जुनं असेल तर दोन लिटर आणि आठ. वर भांड्याच्या साबणाचं एक झाकण, म्हणजे भिंतीला धरून राहतं, लगेच ओघळत नाही. प्रेशर मशीन फक्त शेवटी धुवायला.

आता झेब्र्याबद्दल. केमिकल खालून वर मारायचं. वरून मारलंत की ओघळ खालच्या कोरड्या मळक्या भिंतीवर उतरतात, तेवढी रेघ आधी साफ होते आणि ती रेघ मग सहजी जात नाही. खालची भिंत आधीच ओली असली की वरून आलेला ओघळ त्यात मिसळून जातो. धुताना मात्र वरून खाली. नवीन पोरं नेमकं उलटं करतात, मीही केलंय, आणि मालकाने पैसे कापले होते.

थांबायचं दहा ते पंधरा मिनिटं. तीन मिनिटांत काही होत नाही. पण वाळूही द्यायचं नाही. भिंतीवर वाळलं की काम थांबलं, वर मिठासारखा पांढरा थर बसतो. वाळायला लागलं तर त्याच फवाऱ्याने हलकं पुन्हा भिजवा. म्हणून एका वेळी दहा-बारा फुटांचाच पट्टा घ्या. पूर्ण भिंत एकदम मारून चहाला गेलात तर संपलं. आणि उन्हातली भिंत धरायची नाही. सकाळी पश्चिमेची, दुपारनंतर पूर्वेची. सकाळी मतलई वारा समुद्राकडे जातो, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीवर फवारताना भिंतीकडे तोंड करून अगदी समोर उभे राहू नका, तुषार सगळे तुमच्याच तोंडावर येतील. पट्ट्याच्या कडेला उभं राहून आडवं मारा. नाही, लिहून नीट सांगता येत नाहीये, उभे राहिलात की कळेल.

उघड्या चिऱ्याला आधी नुसतं पाणी मारून घ्या. कोरडा जांभा स्पंजासारखा पितो, निम्मं केमिकल दगडाच्या पोटात जातं. पाणी निथळू द्या, मग मारा. गिलाव्याला याची गरज नाही.

धुताना २५ अंशाचं हिरवं किंवा ४० चं पांढरं नोझल, दीड-दोन फुटांवरून. तांबडं, शून्य अंशाचं, डब्यातच राहू दे. कौलांच्या खालून वर कधी मारू नका, पाणी वाशांवर जातं आणि मग चार दिवस घरात ठिबकतं. मीटरच्या पेटीला प्लास्टिक बांधा, भिंतीवरच्या दिव्यांचा मेन बंद ठेवा.

अबोली
झाडांचं कोणीच बोललं नाही! भिंतीलगत माझी अबोली आणि जास्वंद होती. "होती" म्हणतेय. आमच्याकडे आलेल्या माणसाने मारलं आणि निघून गेला, चौथ्या दिवशी पानं कागदासारखी. आता मी आधी झाडं आणि मुळाशी माती पाण्याने चिंब करते, काम चालू असताना ओलं गोणपाट टाकते, झाल्यावर पुन्हा भरपूर पाणी. माती आधी भिजलेली असली की केमिकल शोषायला जागाच राहत नाही. प्लास्टिक टाकू नका, उन्हात झाड आत शिजतं. आणि तुळशीवृंदावन आधी झाकायचं हे सांगायला नकोच.

अजून एक. कापडं. साड्या, टॉवेल, पायपुसणी, सगळं त्या बाजूचं काढून ठेवा. थेंब उडाला की डाग नाही पडत, रंगच जातो.

सात_बारा
एवढं महागडं कशाला? ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर. ब्लीचिंगच ती. किलोभर पुष्कळ.

रंगाची पुडी
@सात_बारा चालते, पण चुना असतो त्यात. बादलीत कालवून रात्रभर ठेवा, वरचं निवळ फडक्याने गाळून घ्या, नाहीतर पंपाचं नोझल दर पाच मिनिटांनी चोंदतं आणि भिंतीवर पांढरी राख बसते. पाखाडीला (दगडी पायवाटेला), गडग्याला (कुंपणाच्या दगडी भिंतीला) मी तेच वापरतो. रंगाच्या भिंतीला नाही.

गडगा
जाता जाता: खिडकीच्या गजांखाली गंजाचे डाग असतील तर त्यावर हायपो मारू नका, गंज आणखी पक्का बसतो. त्याला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, तेही वेगळ्या दिवशी, हायपो पूर्ण धुऊन भिंत वाळल्यावर, आणि फक्त गिलाव्यावर. माझं वर "अ‍ॅसिड नको" आहे ते या एका डागापुरतं मागे घेतो.

दुकानात मागताना पूर्ण नाव सांगा. फोटो स्टुडिओतही "हायपो" म्हणत, ते सोडियम थायोसल्फेट. ते उलट क्लोरीन मारतं. फिशटँकवाले अँटी-क्लोरीन म्हणून विकतात ते बहुतेक तेच असतं.

पागोळ्या
अहवाल देतो. 

ताजा कॅन आणला, तारीख बघून. पाठीवरचा पंप चुलतभावाचा, फक्त बुरशीनाशकाला वापरलेला, तीनदा धुऊन घेतला. आधी रंगवलेल्या भिंतीच्या कोपऱ्यात हातभर जागेवर १ टक्का मारून बघितलं. रंग उडाला नाही. घड्याळ लावून बसलो. चौथ्या-पाचव्या मिनिटाला हिरव्याचं तपकिरी झालं, मग राखाडी, बाराव्या मिनिटाला भिंत अशी दिसायला लागली की धुवायचीही गरज नाही. पाणी मारलं तर दोन फुटांवरूनच सगळं खाली. मला वाटत होतं मशीन कमजोर आहे.

पूर्ण उत्तरेची भिंत खालून वर, पाच पट्ट्यांत. पाणी अंदाजे साडेतीनशे लिटर, गेल्या खेपेला हजार. झेब्राही गेला, सगळी भिंत सारखी साफ झाली म्हणून. कठड्याखालच्या काळ्याला २ टक्के, दोन हात, मध्ये एक दिवस सोडून. ९० टक्के गेलं म्हणायला हरकत नाही.

चष्मा लावला होता, हातमोजेही. मान उघडी राहिली, तिथे दोन दिवस खाज. 

दोन गोष्टी राहिल्या. चिऱ्यावर राखाडी-हिरवी चकती-चकती आहे, ती ढिम्म. आणि जोत्याजवळ पांढरी पूड येते, पुसली की जाते, आठ दिवसांत परत.

रंगाची पुडी
चकती म्हणजे दगडफूल. ते एका फवाऱ्यात जात नाही. मेलं तरी चिकटून राहतं. महिन्याने परत मारा आणि पावसाला करू द्या बाकीचं. खरवडू नका, चिऱ्याचा पापुद्रा निघेल.

पांढरी पूड हा लोणा. त्याला कुठलंच केमिकल नाही, कोणी विकायला आला तर घेऊ नका. जमिनीतून ओल चढतेय. भिंतीच्या मागे पाणी कुठे साठतं ते बघा, न्हाणीचं सांडपाणी कुठे जातं?

पागोळ्या
...माडाच्या आळ्यात. आणि आळं जोत्यापासून चार फुटांवर.

तिखटमीठ
बाबूला बोलवा, आळं हलवायला.