मदत हवी आहे : वाळूमाशीच्या सर्वेक्षणासाठी

नमस्कार मंडळी. पावसाळ्यात नागपूरजवळच्या गावांत सँडफ्लायचं, म्हणजे वाळूमाशीचं सर्वेक्षण करायचं आहे. या माशीच्या चाव्यातून पसरणारा चांदीपुरा विषाणू १९६५ साली आपल्याच भागात सापडला, २००३ मध्ये विदर्भात त्याने लहान मुलं दगावली. म्हणून काम नीटच व्हायला हवं.

ही माशी जेमतेम २-३ मिलिमीटरची. दिवसा मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यातल्या अंधाऱ्या कोपऱ्यांत दडते. माश्या चिकटाव्यात म्हणून एरंडेल तेल लावलेले कागद तिथे रात्रभर टांगणार आहे. भेगांपासून किती अंतरावर टांगावेत? गोठ्यात धूळ बसून कागद वाया जातात का? सोबत लाइट ट्रॅपही, म्हणजे उजेडाने कीटक ओढणारा सापळाही, लावावा का? डासांच्या ट्रॅपमधून ही माशी निसटते, तेव्हा बारीक जाळी नागपुरात कुठे मिळेल?

आणि मुख्य म्हणजे, सूक्ष्मदर्शकाखाली प्रजाती ओळखायला कुणी शिकवेल का?