इअरफोन कानात किती खोल असावा?

खर्जप्रेमी
गेल्या महिन्यात साडेतीन हजार रुपयांचा वायरवाला इअरफोन घेतला आणि पहिल्याच संध्याकाळी तो परत करण्याच्या बेतात होतो, कारण विलंबित ख्यालातला डग्गा त्यात पुठ्ठ्याच्या खोक्यावर टिचक्या माराव्यात तसा वाजत होता. दोष इअरफोनचा नव्हता. डब्यात टिपांच्या (कानात जाणाऱ्या मऊ बोंडांच्या) तीन जोड्या होत्या, त्यांतली मधल्या मापाची जोडी कारखान्यातूनच लावून आली होती आणि बहुतेकांप्रमाणे मीही ती तशीच कानात घातली होती. दुसऱ्या दिवशी डाव्या कानाला मोठी टिप लावली, उजव्याला मधलीच ठेवली, दोन्ही बाजू नीट आत सरकवल्या आणि त्याच इअरफोनमधून डग्गा घुमू लागला.

यावरून माझे ठाम मत झाले आहे की हवाबंद आणि सोसेल तितका खोल बसवलेला साधा इअरफोन हा कानाच्या तोंडाशी लटकणाऱ्या महागड्या इअरफोनपेक्षा केव्हाही सरस. याचे कारण सायकलच्या पंपावरून कळते. पंपाच्या तोंडावर बोट घट्ट दाबून दांडा ढकलला की हवेचा दाब बोटाला जाणवतो. बोट जरासे सैल केले की दांडा तितकाच फिरतो, पण दाब फटीतून निघून जातो. इअरफोनचा इवलासा पडदा हा तो दांडा आहे. खर्जाच्या संथ हेलकाव्यांना त्या फटीतून पळून जायला भरपूर वेळ मिळतो, वरच्या सुरांच्या झपाट्याच्या कंपनांना मिळत नाही. म्हणून गळक्या इअरफोनमधून झांज खणखणीत ऐकू येते आणि डग्गा गायब होतो, आणि आपण म्हणतो की कंपनीने बेस कमी दिला आहे.

बसवण्याची रीत अशी: विरुद्ध हात डोक्यामागून आणून कानाची पाळी वर आणि मागे ओढावी (शाळेत मास्तर धरत असत तशीच, फक्त प्रेमाने), म्हणजे वाकडी कर्णनलिका थोडी सरळ होते, आणि मग इअरफोन किंचित फिरवत आत न्यावा. फोमची टिप असेल तर ती आधी बोटांत वळून बारीक करावी आणि आत गेल्यावर फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवावी.

बसला की नाही हे तपासायला मी तीनतालाचा साधा ठेका लावतो. दहाव्या मात्रेपासून तेराव्या मात्रेपर्यंत 'तिं तिं ता ता' या बोलांत डग्गा गप्प असतो आणि चौदाव्या मात्रेला 'धिं'वर तो परत येतो. ते परत येणे अंगावर आले पाहिजे. भरी (डग्गा वाजतो तो भाग) आणि खाली (तो गप्प असतो तो भाग) यांतला फरक पुसट वाटला तर टिप बदलावी.

डबा क्रमांक चार
आपला पंप पटला, पण 'सोसेल तितका खोल' हा सल्ला पुण्यात खोलीचे दार लावून ख्याल ऐकणाऱ्याचा आहे. मी रोज डोंबिवलीहून मुंबईला जातो आणि रोज सुमारे अडीच तास कानात इअरफोन असतो. आपण सांगता तशी फोमची टिप मी आठ दिवस वापरून पाहिली आणि नंतर कानाला खडा लावला.

पहिली अडचण अशी की कान हवाबंद झाला की माणसाला स्वतःच्याच शरीराचा आवाज ऐकू येऊ लागतो. जिना उतरताना प्रत्येक पाऊल डोक्यात धपधप वाजते, शेंगदाणे चावले तर गिरणी चालू झाल्यासारखे वाटते, आणि वायर शर्टाच्या बटणाला घासली की तिचा खरखराट थेट मेंदूत पोहोचतो. दुसरी अडचण पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर या दमट हवेत कान बंद ठेवला की आत घाम साचतो, आणि माझ्या कानाला खाज सुटून शेवटी कानाच्या डॉक्टरांकडे जावे लागले. त्यांनी बुरशीचा संसर्ग असल्याचे सांगितले आणि महिनाभर कानात काहीही घालू नये अशी ताकीद दिली. तिसरी अडचण सगळ्यांत मोठी आहे: फलाटावर उद्घोषणा ऐकू आली नाही तर फार तर गाडी चुकते, पण मागून येणाऱ्या गाडीचा भोंगा ऐकू आला नाही तर काय होते हे लोकलने जाणाऱ्यांना सांगायची गरज नाही.

म्हणून मी अजूनही जुन्या पद्धतीचा, टिप नसलेला, कानाच्या खळग्यात नुसता टेकणारा इअरफोन वापरतो. त्यात डग्गा कमी ऐकू येतो हे मान्य आहे, पण कानात बोळे घालून प्रवास करण्यापेक्षा ते बरे.

खर्जप्रेमी
संसर्गाचे ऐकून वाईट वाटले आणि ओल्या कानात टिप घालू नये हे मी वर लिहायला हवे होते. परंतु आपल्या जुन्या इअरफोनमध्ये एक धोका दडलेला आहे, ज्याचा आपण उल्लेख केला नाही. लोकलच्या गोंगाटात उघड्या इअरफोनमधून गाणे ऐकू यायचे तर आवाज गाडीच्या वर चढवावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८९ डेसिबलला जेमतेम ५ तास उरतात. आपला रोजचा अडीच तासांचा प्रवास दोन दिवसांत तो कोटा संपवू शकतो. हवाबंद टिप बाहेरचा गोंगाट अडवते, म्हणून आतला आवाज कमी ठेवता येतो.

राहिला पावलांचा धपधपाट. तो खोल बसवल्यामुळे होत नाही, अर्धवट खोल बसवल्यामुळे होतो. कर्णनलिकेचा बाहेरचा साधारण एक तृतीयांश भाग कूर्चेचा असतो आणि पुढचा हाडाचा. पाऊल पडले की ती मऊ कूर्चा थरथरते आणि बंद नळीत तो थरथराट अडकतो. टिप हाडाच्या भागापर्यंत पोहोचली तर थरथरणारी भिंत टिपेच्या बाहेर राहते. अमेरिकेतल्या एटिमॉटिक रिसर्च या कंपनीने १९९१ मध्ये काढलेला ईआर-४ हा इअरफोन एकामागोमाग तीन झालरी असलेल्या टिपेसह असाच खोल घालायचा होता आणि त्याचे चाहते आजही आहेत.

मोजपट्टी
मी श्रवणयंत्रांच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून राहवले नाही. हाडाच्या भागापर्यंत टिप न्यायचा सल्ला घरच्या घरी देऊ नये. तिथली त्वचा कागदासारखी पातळ आणि फार संवेदनशील असते, आणि पुढे कानाचा पडदा आहे. आम्ही कानाचा साचा घेतो तेव्हा आधी आत पाहून मळ नाही ना याची खात्री करतो आणि नलिकेत अडसर ठेवूनच साहित्य भरतो. मळ असलेल्या कानात टिप ढकलली की मळ आत ठासला जातो, आणि मग डग्गाच काय, तबलाही ऐकू येत नाही.

दुसरे असे की या चर्चेत सगळे डग्ग्याविषयीच बोलत आहेत. खर्जासाठी फक्त फट नसणे महत्त्वाचे आहे. टिप दोन मिलीमीटर आत आहे की पाच, याने खर्जात फारसे बिघडत नाही. खोलीचा खरा परिणाम वरच्या सुरांवर होतो. उघडा कान सुमारे ३,००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज स्वतःच फुगवतो, कारण २५ मिलीमीटरच्या आसपास लांबीची ती नळी एका टोकाला उघडी आणि दुसऱ्या टोकाला बंद असते. टिप घातली की ती दोन्ही टोकांना बंद होते आणि फुगवटा वर सरकतो. टिपेपासून पडद्यापर्यंत २० मिलीमीटर पोकळी उरली तर तो साधारण ८,५०० हर्ट्झला येतो, १५ मिलीमीटर उरली तर ११,००० च्या पुढे जातो. पडदा काही दगडी भिंत नसल्यामुळे हे आकडे ढोबळ आहेत, पण दिशा तीच. उथळ बसलेल्या इअरफोनमधून 'स' आणि 'श' टोचतात, झांज अंगावर येते, आणि तोच इअरफोन थोडा आत गेला की टोचणे थांबते, ते यामुळे.

एकाच इअरफोनविषयी दोन जाणकार अगदी उलट मते देतात तेव्हा मला नेहमी वाटते की ते दोन इअरफोन ऐकत आहेत. एकाच्या कानात तो चार मिलीमीटर जास्त आत आहे, इतकेच.

जवारी
माझा आक्षेप खर्जप्रेमी यांच्या ठेक्याच्या कसोटीला आहे. मी गाणे शिकते आणि काही विद्यार्थ्यांना शिकवतेही. ज्याला तीनताल पाठ आहे त्याला चौदाव्या मात्रेचा 'धिं' भिंतीपलीकडच्या घरातून आला तरी ऐकू येतो, कारण तो कुठे येणार हे मनाला आधीच माहीत असते. गळक्या इअरफोनची उणीव आपले मन भरून काढते आणि आपण समजतो की टिप छान बसली.

तानपुरा तर याहून फसवा. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) लावलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ सूर सुमारे ६९ हर्ट्झचा असतो, परंतु जवारीमुळे (घोडीवर तार झणझणावी म्हणून केलेल्या रचनेमुळे) त्या तारेतून वरचे स्वयंभू स्वर इतके भरभरून येतात की मूळ सूर काढून टाकला तरी कान त्या वरच्या स्वरांवरून खर्ज स्वतःच रचतो. माझ्या फोनच्या स्पीकरवर ६९ हर्ट्झ जवळपास वाजतच नाही, तरी विद्यार्थी त्यावर तानपुरा लावून बिनघोर रियाज करतात आणि सुरात गातात! तेव्हा कसोटीसाठी संगीत वापरणेच मला चुकीचे वाटते.

मोजपट्टी
जवारीताईंशी पूर्ण सहमत. संगीताऐवजी ५० हर्ट्झचा नुसता सलग सूर हळू आवाजात लावावा. असे सूर काढणारी ॲप फुकट मिळतात. तो चालू असताना इअरफोन बोटाने अलगद आत दाबावा. दाबल्यावर सूर एकदम मोठा झाला तर फट होती. नंतर जबडा उघडून मिटून पाहावा, कारण जबड्याचा सांधा कर्णनलिकेच्या पुढच्या भिंतीला लागूनच असतो आणि तोंड हलले की नळीचा आकार बदलतो. बोलताना बेस येतो-जातो अशी तक्रार असणाऱ्यांना मोठ्या टिपेपेक्षा मऊ टिप लाभते.

आगंतुक
एवढा खटाटोप कशाला? फोनच्या इक्वलायझरमध्ये (खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमीजास्त करण्याच्या सोयीत) बेस वाढवावा आणि मोकळे व्हावे. मी तेच करतो.

खर्जप्रेमी
फुटक्या घागरीत जास्त पाणी ओतण्यासारखे आहे ते. पडद्याला दुप्पट हेलकावे घ्यायला लावले की तो फरफरू लागतो, आणि दाब तरीही फटीतूनच जातो. शिवाय फट डाव्या कानाला एक आणि उजव्याला वेगळी असते. इक्वलायझर मात्र सहसा दोन्हीकडे सारखाच बेस वाढवतो.

ठेक्याविषयी मात्र माघार घेतो. काल ५० हर्ट्झची कसोटी केली आणि ज्या उजव्या कानाविषयी मी निःशंक होतो, तोच गळत असल्याचे आढळले. महिनाभर मी तिथे 'धिं' मनानेच वाजवत होतो.

डबा क्रमांक चार
मोजपट्टी यांचे म्हणणे मला अर्धे पटले आणि अर्धे माझ्याच बाजूचे वाटले. खर्जासाठी खोली लागत नाही, फट नसली की पुरे, असे असेल तर मग हाडापर्यंत जाण्याचा आग्रह कशासाठी? उथळ बसणारी, मऊ, थोडी मोठी सिलिकॉनची टिप एवढ्याने भागायला हवे. डेसिबलचा हिशेब मात्र मला झोंबला आहे, ते मी नाकारत नाही. गेल्या आठवड्यापासून गाडीत बसायला जागा मिळाली तरच टिपवाला इअरफोन घालतो, त्यातही डाव्याच कानात, आणि उतरण्याच्या एक स्थानक आधी काढून खिशात ठेवतो. एका कानाने ऐकताना आवाज चढवण्याचा मोह होतो, हे आपण म्हणण्याआधी मीच सांगून टाकतो.

रूळ आणि फलाट यांविषयीचे माझे मत बदललेले नाही. तिथे कोणताही इअरफोन नको, उघडाही नको.

मोजपट्टी
उथळ टिपेने खर्ज मिळेल, पण 'स' टोचेल. तो टोचला की आपण आवाज कमी कराल, आणि आवाज कमी झाला की खर्ज पुन्हा कमी वाटेल, कारण हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज मुळातच कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवले आहे. अशा वेळी टिप गळते आहे असे समजून ती आणखी आत ढकलू नये, एवढीच विनंती. टोचणे घालवायला ८,००० हर्ट्झच्या आसपास इक्वलायझर थोडा खाली घेता येतो. आगंतुकांचा उपाय इथे खरोखर चालतो, फक्त उलट्या दिशेने.

जवारी
एक अगदी क्षुल्लक शंका. माझ्या डाव्या कानाला छोटी आणि उजव्याला मधली टिप बसते, असे ५० हर्ट्झने दाखवले. दोन कानांत एवढा फरक असणे ठीक आहे ना?

मोजपट्टी
अगदी ठीक आहे. साचे घेताना मला असे कान रोज दिसतात. उरलेल्या टिपा मात्र टाकून देऊ नका, कारण धुताना नेमकी छोटीच बेसिनमध्ये जाते.