रि: रि: रि: पेटी शनिवारी पोचणार का??

शिरीष:
मंडळी, मी नागपूर-शिकागो अंतर बघितलं, 12,900 किमी, फ्लाइट टाइम पंधरा तास. पेटी (हार्मोनियम) घेऊन येणाऱ्या वसंतकाकांचं विमान शनिवारी पहाटे 3:45 ला सुटतं म्हणजे पोचायला संध्याकाळचे पावणेसात, आणि आपला कार्यक्रम साडेसहाला. म्हणून भाड्याची पेटी बघतोय. मखराच्या वेळेसारखं बिल मागाहून माझ्या गळ्यात नको.

वसंतकाका (मु. धरमपेठ):
अरे बाप्पा, नागपूरहून शिकागोला थेट विमान आहे कुठे? तो पंधरा तासांचा आकडा नकाशावर दोरी ताणून काढलेला. मी दोहामार्गे येतोय. सोनेगाव विमानतळ ते दोहा 2,850 किमीच्या आसपास, सव्वाचार तास, तिथे अडीच तास बसून राहायचं, मग पुढचं साधारण 11,450 किमी पावणेपंधरा तासात, पश्चिमेकडे जाताना वारा समोरून येतो म्हणून परतीपेक्षा जास्तच लागतात. झाले साडेएकवीस तास. पण तुमची घड्याळं हिवाळ्यासाठी अजून तासभर मागे गेली नाहीत, फरक साडेदहा तासांचा, म्हणजे शिकागोच्या ओहेअर विमानतळावर शनिवारीच दुपारी 2:45. पेटी येते आहे, भाडं वाचव.

शिरीष:
जास्त वेळ लागतो म्हणून लवकर पोचता?? मी त्या पंधरा तासांत घड्याळाचा फरक धरलाच नव्हता. तरी इमिग्रेशन, सामान, ट्रॅफिक धरा, पेटीवाल्याला अजून नाही म्हणत नाही.

मंदाताई:
दिल्लीमार्गे यायचं होतं काका. फक्त तिकीट एकच काढा हं, आमच्या वहिनीने वेगवेगळी काढली आणि नागपूर-दिल्लीला 15 किलोच चालतं म्हणाले, हिच्या 23-23 च्या दोन बॅगा! काउंटरसमोर खाली बसून बॅगा उघडल्या, लोणच्याची बरणी मावशीच्या हातात परत, पुरणयंत्र मात्र हिने सोडलं नाही.

पराग:
लोणचं कशाचं होतं?

मंदाताई:
भोकराचं. आठवण नको काढूस.

पराग:
काका, संत्रा बर्फी आणाल का दोन डबे? संत्री मात्र नको, ताजं फळ कस्टमवाले ठेवून घेतात आणि न सांगता आणलं तर दंड वेगळा.

सुनील:
पिकअपचं परस्पर कोणी ठरवू नये, गाड्यांचं काम माझ्याकडे आहे. टर्मिनल 5, मी सेलफोन लॉटमध्ये (फोन येईपर्यंत गाडी घेऊन थांबायची जागा) थांबतो, काकांनी सामान हातात आल्यावरच फोन करावा. आणि काका, शनिवार पहाट म्हणजे शुक्रवारी रात्रीच घरून निघायचं आहे, लक्षात आहे ना?

वसंतकाका:
मला शिकवतोस काय सुनील, पेटी तर आत्ताच गोधडीत गुंडाळून दाराशी ठेवली. पण बरं झालं विचारलंस, टॅक्सीवाल्याला फोन केला तर तो म्हणतो, काका, शनिवारचं बुकिंग आहे न तुमचं, रात्री किती वाजता येऊ?