चाकं काढली की विमान नाक टाकतंय, ट्रिम चालत नाही, अर्जंट मदत हवी

उडाणटप्पू: घरच्या सिम्युलेटरवर उडवतोय. टेकऑफ मस्त, वरती पण मस्त, पण उतरताना चाकं काढली की जरा वेळाने नाक खाली जायला लागतं, स्टिक मागे ओढून धरावी लागते, सोडली की परत खाली. ट्रिमचं (स्टिक न धरता नाक जागेवर ठेवायचं) बटण दाबून दाबून झिजलं तरी काही होत नाही. जॉयस्टिक नवीन आहे, कॅलिब्रेट केलंय, कृपया तेच परत सांगू नका. रात्री मित्रांबरोबर मुंबई-गोवा ग्रुप फ्लाइट आहे, लवकर सांगा.

रनवे२७: विमान कोणतं ते लिहायचं राहिलं.

उडाणटप्पू: नेहमीचंच, प्रवासी जेट. त्याने काय फरक पडतो?

रनवे२७: त्यानेच सगळा फरक पडतो रे. समोर बैलाच्या शिंगासारखं योक आहे की बाजूला छोटी स्टिक?

उडाणटप्पू: बाजूला स्टिक. एअरबस ए३२०.

बोइंगभक्त: मग सोडून दे, ७३७ घे. त्यात ट्रिम केलं की चाक खडखड फिरताना दिसतं, हाताला कळतं. एअरबसमध्ये तुला कोण विचारतंय, सगळं कॉम्प्युटर ठरवतो.

निळ्या आभाळी: भावा, ए३२० ला ट्रिम करायचंच नसतं!! ऑटोट्रिम आहे, म्हणजे ट्रिम आपोआप होतं. स्टिक ओढली म्हणजे एलिव्हेटर (शेपटाची नाक वर-खाली करणारी पट्टी) हलला असं नाही, तू फक्त मागणी करतोस की एवढा जी-लोड (वजनाच्या पटीतला भार) दे, मग तेवढ्यासाठी एलिव्हेटर किती हलवायचा आणि मागचं आडवं शेपूट किती फिरवायचं ते कॉम्प्युटर बघतो. हात सोडलास की नाक आहे तिथे राहतं. वळणातही तेच, ३३ अंशापर्यंत स्टिक मध्ये आणलीस तरी विमान तेवढंच कललेलं राहतं, त्याच्या पुढे गेलास आणि सोडलंस तर परत ३३ वर येतं, आणि कितीही दाबलंस तरी ६७ च्या पलीकडे कलू देत नाही. ट्रिमचं बटण विसर. तुझ्या जॉयस्टिकचा डेडझोन (मधली न मोजली जाणारी हालचाल) वाढव.

उडाणटप्पू: जॉयस्टिकचं सांगू नका म्हटलं होतं. आणि हात सोडला की नाक तिथेच राहत *नाहीये*, तोच तर प्रॉब्लेम आहे!

तारांगण: नोव्हेंबर २०२५ मध्ये एअरबसने ए३२० कुटुंबातल्या जवळपास ६००० विमानांसाठी तातडीची सूचना काढली होती, तीव्र सौर किरणोत्सर्गामुळे एलिव्हेटर आणि पंखांवरच्या पट्ट्या (एलेरॉन) हलवणाऱ्या ईलॅक नावाच्या कॉम्प्युटरमधला डेटा बिघडू शकतो म्हणून. बहुतेक विमानांत आधीचं सॉफ्टवेअर परत टाकून काम झालं. तसलं तर काही नाही ना?

रनवे२७: तारांगण, तो त्याच्या खोलीत पडदे लावून बसलाय, तिथे कुठून किरणोत्सर्ग.

जुना फिटर: मी हँगरमध्ये आयुष्य काढलंय, जंबो ७४७ पासून ३२० पर्यंत. निळ्या आभाळी म्हणतायत ते बरोबर आहे, पण ते नॉर्मल लॉमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे नियम चालू असताना. या मुलाचं विमान नॉर्मल लॉमध्ये नाहीये असं वाटतंय. बाळा, समोरच्या स्क्रीनवर, जिथे आकाश निळं आणि जमीन तपकिरी दिसते, तिथे वर नारिंगी अक्षरांत काही लिहून येतंय का?

उडाणटप्पू: यूज मॅन पिच ट्रिम असं येतं. पण ते आधीपासून येत होतं, मला वाटलं अपडेटमुळे आहे.

रनवे२७: अरे देवा, हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं ना!

जुना फिटर: म्हणजे ट्रिम हाताने करा, डायरेक्ट लॉ. आता स्टिक जेवढी हलवशील तेवढाच एलिव्हेटर हलणार, मागणी-बिगणी काही नाही, ऑटोट्रिम बंद. चाकं काढल्यावर स्पीड कमी होत जातो, विमान मात्र जास्त स्पीडला ट्रिम झालेलं असतं, म्हणून नाक जड होतं. बिघाड नाही हा, विमान असंच वागतं. ३२० च्या स्टिकवर ट्रिमचं बटण नसतंच, थ्रॉटलच्या दोन्ही बाजूला ट्रिमची मोठी चाकं आहेत ती हाताने फिरवायची. गेममध्ये त्या चाकाला कीबोर्डवरची की लाव.

निळ्या आभाळी: काका पण डायरेक्ट लॉ एवढ्या सहज येत नाही. ईलॅक दोन, सेक तीन, फॅक दोन, विमान हलवणारे सात कॉम्प्युटर आहेत, एकदोन गेले तरी नॉर्मल लॉ टिकतो. त्याचं गेममधलं विमानच गंडलेलं असणार.

जुना फिटर: कॉम्प्युटर धडधाकट असले म्हणून काय, त्यांना स्पीड आणि ॲटिट्यूड (नाक-पंख किती कललेत ते) सांगणारं कुणी नको का? त्यासाठी एडिरू नावाचे मोजणारे डबे तीन असतात. दोन गेले की ऑल्टर्नेट लॉ, नॉर्मल आणि डायरेक्टच्या मधला. त्यात पिचचं (नाक वर-खाली) ऑटोट्रिम चालू राहतं म्हणून वरती याला काही जाणवत नाही, आणि चाकं खाली काढली की त्यातून डायरेक्ट. चाकं काढल्यावरच का होतं, ते इथे आहे. ऑटोपायलट लागतोय का रे?

उडाणटप्पू: नाही लागत. पण त्यासाठी वेगळा धागा काढणार होतो. रोल (डावी-उजवीकडे कलणं) पण जरा जास्तच चपळ आहे, ते मला आवडलं म्हणून लिहिलं नाही.

जुना फिटर: ऑल्टर्नेटमध्ये रोल डायरेक्टच असतो, म्हणून चपळ. वर छतावरच्या पॅनेलवर त्या एडिरूंच्या तीन नॉब आहेत, ऑफ, नॅव आणि ॲट असं लिहिलेल्या. तिन्ही नॅववर आहेत का?

उडाणटप्पू: एक नॅववर. व्हिडिओवाल्याने एकच फिरवली होती आणि अलाइन (स्वतःची जागा-दिशा ठरवून तयार) व्हायला फार वेळ लागतो. सुरुवातीला एक इशारा पण वाजायचा, तो बटण दाबून बंद करतो. बाकीच्या दोन ऑफ ठेवल्या तर काय होतं?

रनवे२७: 😂😂 काय होतं ते वर काकांनी लिहिलंय. तिन्ही एकदम अलाइन होतात, एकच फिरवून एक मिनिट पण वाचत नाही. कोपायलटच्या स्क्रीनकडे एकदा तरी बघायचं, सगळी लाल निशाणं असतील तिथे.

बोइंगभक्त: बघा! म्हणून म्हणतो, दोन नॉबांवर विमानाचा स्वभाव बदलतो हे बरं नव्हे. ७३७ ची दोन्ही मुख्य हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा) गेली तरी केबलने एलिव्हेटर आणि एलेरॉन हलवता येतात.

निळ्या आभाळी: आणि त्याच ७३७ च्या मॅक्सने ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मध्ये ३४६ माणसं गेली. एमकॅस (नाक आपोआप खाली करणारं सॉफ्टवेअर) एकाच सेन्सरवर विश्वास ठेवून शेपूट फिरवत होतं. तुमच्या केबलचा काय उपयोग झाला?

बोइंगभक्त: २००९ ला अटलांटिकवर एअर फ्रान्सचं एअरबस कोसळलं तेव्हा काय झालं मग? स्पीड मोजणाऱ्या पिटो नळ्या गोठल्या, ए३३० ऑल्टर्नेट लॉमध्ये गेलं, स्टॉलचं (पंखांची उचल जाण्यापासूनचं) संरक्षण गेलं आणि एकाने स्टिक ओढून धरलेली दुसऱ्याला कळली पण नाही, कारण दोन स्टिक एकमेकींना जोडलेल्या नसतात. योक असतं तर दोघांसमोर हललं असतं. ७७७ ला १९९५ पासून फ्लाय-बाय-वायर (केबलऐवजी वायर आणि कॉम्प्युटर) आहे तरी बोइंगने योक ठेवलं, त्याला कारण आहे.

जुना फिटर: दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, भांडू नका. केबल म्हणजे काय ते आम्हाला विचारा, ताण मोजताना कंबर मोडायची. जंबोला तर चार हायड्रॉलिक होती. आणि ३२० चं म्हणाल तर इंडियन एअरलाइन्सने १९८९ मध्ये घेतली तेव्हा त्यांना मागच्या प्रत्येक पायाला चार-चार चाकं होती, आपल्या धावपट्ट्यांसाठी मुद्दाम करून घेतलेली. आता सगळीकडे दोन-दोनच दिसतात.

साधी प्रवासी: नमस्कार, मी विमानाबद्दल काही जाणत नाही, पण पंखाजवळ बसलं की खालून कुत्रा भुंकल्यासारखा आवाज येतो तो कसला? तज्ज्ञ आहेत म्हणून विचारते. मागच्या वेळी आईला वाटलं सामानात कुणाचा तरी कुत्रा अडकलाय.

रनवे२७: ताई, तो पीटीयू. हिरव्या आणि पिवळ्या नावाच्या हायड्रॉलिकच्या दाबात ५०० पीएसआयपेक्षा जास्त फरक पडला की तो पंप चालू होतो, एकाच इंजिनवर जमिनीवर टॅक्सी करत (विमान चालवत) असतील तर बराच वेळ ऐकू येतो. आईला सांगा कुत्रा नाही.

उडाणटप्पू: सगळे बाकीचंच बोलताय. तिन्ही नॉब नॅववर केल्या, थांबलो, ऑटोपायलट लागला, चाकं काढल्यावर नाक पण स्थिर. पण आता नवीन भानगड, अगदी जमिनीजवळ आलो की नाक आपोआप खाली जायला लागतं! आता कोणती नॉब?

निळ्या आभाळी: कुठलीच नाही, हे मात्र नॉर्मल लॉच आहे 😀 ५० फुटांवर फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलायचा) मोड सुरू होतो, विमान तेव्हाचा ॲटिट्यूड लक्षात ठेवतं आणि ३० फुटांपासून हळूहळू नाक दोन अंश खालपर्यंत न्यायला लागतं, आठएक सेकंदांत. मुद्दाम. जुन्या विमानासारखी स्टिक मागे घ्यावी लागावी म्हणून. हलकेच ओढ आणि थ्रॉटल आयडलला आण.

जुना फिटर: आणि मघाचं लॅंडिंग डायरेक्ट लॉमध्ये करत होतास तिथे हा फ्लेअर मोड नव्हता, म्हणून तेव्हा हे दिसलं नाही. तसं परत झालं तर फ्लॅप (पंखांमागच्या पट्ट्या) पूर्ण काढू नकोस, तीनवर ठेवून उतर.

उडाणटप्पू: ओके. नऊला निघतोय, कुणाला यायचं असेल तर गोव्याला पार्किंग जागा आहे.

बोइंगभक्त: ७३७ चालेल का?