मदत हवी आहे: पुरानंतर पीटीएसडीची (भयंकर प्रसंगानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक आजाराची) तपासणी करताना प्रश्न कसे विचारावेत?

पूरग्रस्त वस्तीत घरोघरी तपासणी आखतो आहोत. पहिल्या महिन्यात पीटीएसडीचं निदान होत नाही, त्यामुळे तोवर फक्त मानसिक प्रथमोपचार: निवारा, झोप, हरवलेल्या माणसांची माहिती. घडलेलं सगळं एकाच बैठकीत वदवून घ्यायचं नाही. त्याने त्रास वाढूही शकतो. महिन्यानंतर पीसीएल-५, म्हणजे पीटीएसडीच्या लक्षणांची प्रश्नावली: २० प्रश्न, प्रत्येकी ० ते ४ गुण, बेरीज ३१-३३ किंवा त्यापुढे गेल्यास तज्ज्ञाकडे.

अडचण अशी, की पाणी पुन्हा चढण्याची भीती खरीच आहे. तिथे रात्रभर सावध राहणं हे लक्षण धरायचं की शहाणपण? गुण मात्र फुगतात. असे गुण कसे वाचता? आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यांना ० ते ४ ची पट्टी कशी समजावता? खडे, रेघा, पाण्याचे पेले?